नवमीची सवाष्ण

ताट वाढून झालं होतं, पण पाटावर बसायला बाई मिळत नव्हती.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं पितृपंधरवड्यातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालायची, अशी रीत. आश्रुबाच्या बायकोची, कडूबाईची, ही पहिलीच नवमी. आश्रुबा सकाळपासून वालूरच्या चार घरी जाऊन आला. चारही ठिकाणी काहीतरी निघालं.

"मामा, आख्ख्या गल्लीला आजच अडचण आली म्हणायची," पुरणपोळ्या झाकत सून अर्पिता म्हणाली.

आश्रुबाला हसू आलं नाही. बायका का येईनात, ते त्याला ठाऊक होतं.

कडूबाईला ल्युपस होता. गालांवर लाल चट्टे उठायचे, सांधे धरायचे. शेवटी किडन्या गेल्या. ती होती तोवर लोक नुसते बिचकायचे. पण ती गेल्यावर कडूबाई घ्यायची तीच गोळी शेजारच्या सरजाबाईकडं लोकांच्या नजरेस पडली. सरजाबाईला डॉक्टरनं संधिवात सांगितला होता. दुखणं वेगळं, पण गोळीचं पाकीट तेच. झालं. दोघी एका पाट्यावर वाटण वाटायच्या, एका ताटात जेवायच्या. कडूबाईचं सरजाबाईला लागलं, असं गावानं ठरवून टाकलं.

आश्रुबानं कुणाशी वाद घातला नाही. एकटा असला की त्यालाही तेच वाटायचं. बायकोसाठी रडावं, की तिच्यापायी शेजारचं भलं घर नासलं म्हणून तोंड लपवावं, हे त्याला कळेना. सरजाबाईच्या दारावरून जाणं त्यानं सोडलं होतं. आज तिला बोलवायला त्याची छातीच झाली नाही.

ऊन कलायला लागलं. ताट गाईपुढं ठेवावं म्हणून तो उठला, तर दारात सरजाबाई उभी. भांडायला आली असेल तर मुकाट ऐकून घ्यायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

ती सरळ येऊन पाटावर बसली.

"वैनी, आमच्या माणसापायी तुमाला हे..."

सरजाबाईनं त्याला थांबवलं. तिनंही डॉक्टरला पहिलं तेच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाला, हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बाहेरच्या जंतूंना हाणायला अंगातच राखणदार असतात. काही माणसांत ते चुकतात आणि घरच्यांनाच चोर समजून झोडपतात. कुणाचे सांधे धरतात, कुणाची कातडी, कुणाच्या किडन्या. आजारांची नावं वेगळी, पण राखणदारांची चूक बरीचशी सारखी. म्हणून त्यांना आवरायची गोळीही कधी कधी एकच निघते.

आश्रुबा भिंतीला टेकून खाली बसला. कित्येक महिन्यांनी त्याला पुरता श्वास घेता आला.

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तुमी दारावरून यायचंच सोडलं. सांगू कुणाला? गावाला सांगून थकले मी."

अर्पितानं तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. सरजाबाईनं ताटाला हात जोडले.

"माझी बोटं सकाळी मिटंनात, हे तिनंच वळखलं, भाऊजी. म्हणाली, माझंबी असंच बोटांपून सुरू झालं. मी लय बोलले तिला. म्हणलं, तुझं दुखणं तुझ्यापाशी ठेव. तरी तिनं तुमाला सोताची तपासणी हाय म्हणून सांगितलं अन् मला यष्टीत बसवून परभणीला नेलं. पाय सुजलेले तिचे, तशीच माझा नंबर लावून बसली. उशीर केला असता तर बोटं कायमची वाकली असती, असं डॉक्टर म्हणाला."

आश्रुबाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सरजाबाईनं पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला. बोटं नीट मिटली. घास तोंडात घालायच्या आधी तिनं तो हात त्याच्यापुढं धरला.

"तिच्याकडून माझ्याकडं आलं ते हे, भाऊजी."