होडी येईपर्यंत

सव्वादहा झाले तरी रेवसची होडी करंजाच्या धक्क्याला लागली नव्हती. प्राचार्य विनिता तिसऱ्यांदा खिडकीशी गेली. कॉलेजचं फाटक सताड उघडं होतं, आणि ते यापुढे दहाच्या ठोक्याला बंद करायचं ठरवायला शेजारच्या दालनात बिशपसाहेबांसह सगळं विश्वस्त मंडळ जमलं होतं. दहानंतर कुणी आत यायचं नाही. बोटाचा ठसा उमटला तरच हजेरी. तपासणी समिती यायची होती ना! ओहोटीला होडी गाळात अडकते आणि रेवसची सतरा मुलं उशिरा पोचतात, हे समितीला कोण सांगणार?

फाटक उघडंच ठेवा, असा अर्ज तिनं मंडळाला दिला होता. हातात हुकमाचं पान एकच होतं. पंचावन्न वर्षांपूर्वी हे लुथरन कॉलेज काढणाऱ्या लिंडसाहेबांचा शब्द, सभागृहाच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेला : होडी येईपर्यंत फाटक उघडं राहील. त्या एका वाक्याच्या बळावर दुसऱ्या प्राचार्यांनी मिठागरातल्या पोरांची फी माफ केली, तिसऱ्या बाईंनी कोळीवाड्यातल्या सुनांसाठी दुपारचे वर्ग काढले, चौथ्यांनी ट्रकवाल्यांना रविवारी शिकवलं. प्रत्येकानं साहेबांच्या नावावर आपलंच घोडं पुढं दामटलं आणि कॉलेज मोठं झालं. आता पाचवी पाळी विनिताची.

"मॅडम."

दारात शिवदास उभा होता. फाटकावरचा शिपाई, त्याच्याआधी त्याचा बापही त्याच फाटकावर होता. महिनाअखेरीला तो निवृत्त व्हायचा होता.

"त्यो भिंतीवरचा शब्द साहेबाचा न्हाय, मॅडम. माझ्या बाचा हाय."

म्हातारा भ्रमिष्ट झाला की काय, असं विनिताला वाटलं. पण तो खाली मान घालून सांगत राहिला. लिंडसाहेब घड्याळाचे गुलाम. दहाला फाटक बंद, हा त्यांचाच हुकूम. मग ते मायदेशी गेले, जूनमध्ये नवे प्राचार्य आले, आणि त्यांनी मोठ्या भक्तिभावानं शिपायालाच विचारलं, साहेबांची रीत काय होती? शिवदासची थोरली बहीण जनी तेव्हा रेवसला नांदत होती. पहिल्या वर्षाला शिकत होती, होडीनं यायची आणि निम्मे दिवस फाटकाबाहेर रडत बसायची. बापानं बेधडक थाप ठोकली. नव्या प्राचार्यांनी ती दगडात कोरून घेतली.

"तुमी आज बिशपसाहेबांफुडं त्यो शब्द घेऊन उभं ऱ्हानार. देवाच्या कामात खोट्यावर उभं नका ऱ्हाऊ, बाय."

विनिताला त्याचा भयंकर राग आला. उभा जन्म गप्प राहिला, मग अजून एक तास राहायला काय झालं होतं याला? तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

ती बसते न बसते तोच बिशपसाहेब हसून म्हणाले, "तुमचा अर्ज वाचला, मॅडम. खुद्द संस्थापकांचा शब्द असेल, तर तो मोडणारे आम्ही कोण? राहू दे फाटक उघडं."

विश्वस्तांनी माना डोलावल्या. झालं होतं काम. आता नुसतं 'आभारी आहे' म्हणायचं होतं. खरं बोललं तर फाटक जाणार होतं, कदाचित खुर्चीही. आणि मग तिला लाज वाटली. इतकी वर्षं सगळे एका गेलेल्या माणसाच्या आडून बोलत आले. हे मला हवं आहे, असं स्वतःच्या तोंडानं एकानंही म्हटलं नव्हतं.

"तो शब्द लिंडसाहेबांचा नाही," ती म्हणाली.

बिशपसाहेबांनी चष्मा काढला. "मग कुणाचा?"

"एका शिपायाचा. आणि आजपासून माझा."