नानांची बॅटरी

“माले बी नानासारखी बॅटरी बनाडी दे, कामिनी,” हिलालकाका म्हणाले.

नानांच्या दशक्रियेहून माणसं नुकतीच परतली होती. भावकीतले चार जण ओट्यावर टेकले होते. कामिनीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि चहाच्या कपबशा उचलू लागली.

बॅटरी तिनेच केली होती. ती धुळ्याला, देवपुरात राहायची आणि घरीच एलईडीचे दिवे दुरुस्त करायची. मक्यात बिबट्या दिसला, असं वडिलांनी, अभिमननानांनी, फोनवर सांगितलं तेव्हा तिने त्यांची जुनी बॅटरी मागवून घेतली. दिव्याभोवतीची खडबडीत वाटी उजेड आजूबाजूला सांडत होती. कामिनीने ती काढली, जाड भिंग बसवलं आणि एलईडी केसभर मागेपुढे सरकवत राहिली. एका जागी सगळा उजेड एकवटला. समोरच्या भिंतीवर एलईडीच्याच आकाराचा पांढराशुभ्र चौकोन उमटला. त्याच्याबाहेर मिट्ट काळोख. दिवा तेवढ्याच ताकदीचा होता. पसरलेला उजेड तिने फक्त पुढे लोटला होता.

“पोरी, नालापल्याडना निंब दिसस!” पहिल्याच संध्याकाळी नानांचा फोन आला. मग आठवडाभर ते गावात ज्याला त्याला तो झोत दाखवत हिंडले.

बिबट्या परत आलाच नाही. अंधार पडता पडता नाना मक्याला पाणी द्यायला निघाले आणि पायवाटेवर पसरलेल्या घोणशीवरच त्यांचा पाय पडला. धुळ्याला नेता नेता वाटेतच जीव गेला. लोक त्यांना शोधत गेले होते तेव्हा बॅटरी बांधावर पडलेली होती. चालूच होती. तिचा झोत दूर निंबावर होता.

कुणी कामिनीला काही बोललं नाही. उलट सांत्वनाला येणारा प्रत्येक जण त्या उजेडाचं कौतुक करून जात होता.

“करशी ना वं माय?” काकांनी पुन्हा विचारलं.

“नको, काका.” तिने कपबशा खाली ठेवल्या. “त्या बॅटरीने पायाजवळचं काही दिसत नाही.”

काकांनी मान खाली घातली.

कामिनी आत गेली. तिची आई, पुष्पाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाहेरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. कामिनी त्यांच्या गुडघ्यांशी कोसळली.

“माय, मी मारलं नानांना.”

पुष्पाबाईंनी तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. बराच वेळ त्या तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

“त्यासले माहीत व्हतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी माले म्हने, पायजवळ काहीच दिसत नही. पन पोरले सांगजो नको, तिले वाईट वाटी.”