गोष्ट असलेला दिवा

"मिस्त्री, तुम्ही थेट मागच्या खोलीत. हॉलमध्ये तुमचं काही काम नाही," डेकोरेटर दारातच म्हणाली.

"बरं मॅडम," मिस्त्री म्हणाला आणि खांद्यावरचे पडद्याचे पाइप सावरत आत शिरला.

हा मिस्त्री तिचा बाप. कामाच्या जागी ती त्याला बाबा म्हणत नाही, तो तिला नावाने हाक मारत नाही. नियम बापानेच घातलेला. बाप आहे म्हटलं की लोक कामाला नावं ठेवायला लाजतात, आणि नावं ठेवणारं कोणी नसलं की हात सैल पडतो, असं त्याचं म्हणणं. तिला नियम सोयीचा पडला तो वेगळ्याच कारणाने. नखांत ग्रीस भरलेला बाप कुठल्याच सोफ्याबरोबर जात नाही.

मागच्या खोलीत तो पोचलाच असता. पण घरमालकीण हॉलमधून ओरडली, "मिस्त्री आले का? आधी इकडे पाठवा हो त्यांना!"

हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीशेजारी दिवा उभा होता. लोखंडी पाइपचा, छातीइतका उंच, मान खुर्चीकडे वाकवलेली. तळाला जुन्या गिअरचं जड चाक. बटणाच्या जागी पाण्याच्या नळाचं लाल चाक. फिरवलं की दिवा लागतो. मिस्त्रीने दिवा पाहिला. मग मुलीकडे पाहिलं. मग पुन्हा दिव्याकडे.

मुलीने घर घेतलं तेव्हा तीन रविवार बसून त्याने तो केला होता. गेल्याच आठवड्यात फोनवर विचारलं होतं, "दिवा लावतेस ना गं?" ती म्हणाली होती, "रोज लावते बाबा. त्याच्याशिवाय वाचताच येत नाही."

"कसा आहे?" घरमालकिणीने कौतुकाने विचारलं. "मॅडमनी शोधून आणला. मी म्हटलं होतं, दुकानातलं काही नको, ज्याला काही गोष्ट आहे असं आणा. बंद पडलेल्या कारखान्यातल्या एका फिटरने केलाय. त्याची शेवटची वस्तू. नंतर वारला बिचारा. सांगताना मॅडमनाच भरून आलं होतं."

डेकोरेटरने कापडाच्या नमुन्यांची वही उघडून त्यात तोंड खुपसलं. फिटरला मारायचं तिच्या मनातही नव्हतं. गोष्ट सांगता सांगता तो मेला. जिवंत माणसाचा दिवा घरमालकिणीने नुसता पाहिला होता. माणूस मेल्यावर तिने दिव्याला हात लावला.

"झक्क आहे," मिस्त्री म्हणाला. "अडचण काय?"

"अहो, चाक डाव्या बाजूला! दर वेळी मला आडवा हात घालावा लागतो. एवढा हुशार कारागीर, आणि एवढं साधं कळू नये?"

"कळलं असेल. एखाद्या डावखुऱ्या माणसासाठी केला असेल बाई. एकालाच डोळ्यांपुढे धरून."

डेकोरेटरच्या डाव्या हातातली पेन्सिल वहीवर थांबली.

आता बोलायला हवं होतं. हे माझे वडील. तीनच शब्द. फार तर घरमालकीण हसली असती, नाहीतर चिडून दिवा परत न्या म्हणाली असती. जीव काही गेला नसता कोणाचा. ज्याचा घ्यायचा त्याचा ती आधीच घेऊन बसली होती.

"राहू द्या ना बाई," ती कशीबशी म्हणाली. "जुन्या वस्तूला उगाच हात नको. तीच तर त्यातली मजा."

"मजा तुमची आणि खांदा दुखतो माझा!" घरमालकीण हसली. "जमेल ना मिस्त्री?"

"न जमायला काय झालं? सांधा उलटा फिरवायचा, वायर पुन्हा ओवायची."

त्याने पाना लावला. सांधा हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, मानेच्या शिरा वर आल्या.

"गंजलाय का?"

"गंज नाही. ज्याने बसवला त्याला वाटलं नव्हतं, पुन्हा कधी उघडावा लागेल. मॅडम, जरा बूड धरता का?"

ती गुडघ्यांवर बसली. बापाचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर.

"बाबा," ती ओठातल्या ओठात म्हणाली.

"घट्ट धरा मॅडम," तो म्हणाला.

सांधा कर्रकन सुटला.

अर्ध्या तासात चाक उजवीकडे आलं. घरमालकिणीने खुर्चीत बसून फिरवलं. एकदा, दोनदा. "हं! आता कसा माणसात आला! मिस्त्री, तुमच्याच लाइनीतला होता ना तो? ओळखत होतात?"

"चांगला ओळखत होतो."

"कसा होता हो?"

"हात बरा होता त्याचा. अक्कल बेताची."

"मागे कोण आहे त्याच्या?"

"एक मुलगी आहे," मिस्त्री म्हणाला. "तो गेल्याचं तिनेच कळवलं."

"अगं बाई!" घरमालकीण हळहळली आणि डेकोरेटरकडे वळली. "म्हणजे दिवा तुम्ही तिच्याकडूनच आणला असेल. भेटलात ना तिला?"

मिस्त्री पाठमोरा बसून पाने पिशवीत ठेवत होता. शेवटचा पाना ठेवून झाला. पिशवीचं तोंड आवळून झालं. तरी तो उठला नाही.

"नाही," डेकोरेटर म्हणाली. "भेट नाही झाली."

मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला.