डोरोथीचं सौभाग्य

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सवाष्ण जेवायला घातल्याशिवाय मी उपास सोडत नाही, आणि इथे परदेशात, आमच्या शॉमबर्गला सवाष्ण आणायची म्हणजे पार शहरातल्या देशी वस्तीतून, डेव्हन ॲव्हेन्यूवरून, सरलाताईंना. व्रताचा दिवस म्हणून सकाळी मी गाडीसुद्धा धुतली. त्या थंडीत ओले ब्रेक गोठले, चाकांना चिकटून बसले. गाडी तसूभर हलेना.

शेजारची डोरोथी हेअर ड्रायर घेऊन धावत आली. बर्फात गुडघे टेकून तासभर चाकांवर गरम हवा सोडत होती. "डिसेंबरात गाडी कोण धुतं, हनी?" ब्रेक काही सुटेनात. शेवटी तिची बोटं निळी पडलेली बघून मी तिला आत आणलं. देवीपुढे पुरणपोळीचं ताट तसंच होतं.

मी हळूच विचारलं, "तुमचे मिस्टर आहेत ना?"

"कितवे? दोघांना घटस्फोट दिला. तिसरा घरी टीव्ही बघतोय."

मी जरा घुटमळले. "ते पहिले दोघे... बरे आहेत ना?"

"ठणठणीत! का गं?"

मी पाट मांडला. सवाष्णीचा नवरा हयात असावा, एवढीच अट. हिचे तर तिघेही होते.