सुझानला कुणी विचारलंच नाही

“तू हिला कधी नीट विचारलं होतंस का रे, माझ्याशी लग्न करशील का म्हणून?”

टिफनीने प्रश्न टाकला आणि प्लेटमधला वडा उचलला. तुझी हिंमतच होणार नाही, असं मैत्रिणींनी पैज लावून सांगितलं होतं. पण दहावीत गेल्यापासून टिफनीची हिंमत सगळ्याच बाबतीत होत होती. चर्चच्या हॉलमध्ये लग्नाआधीचं शिबिर चालू होतं, तिथे तिचं काही काम नव्हतं. चहाच्या सुट्टीत ती छत्री द्यायला म्हणून आली आणि बसली. आभाळ तर स्वच्छ होतं.

प्रीतमने चहाचा घोट गिळला. “विचारलं असेल की.”

“कधी?”

प्रीतम सुझानकडे बघू लागला. सुझान चहाकडे बघत होती.

त्याने विचारलं नव्हतं. एका दुपारी नुसतं ‘चल’ म्हणाला होता, आणि ती पायांत चपला सरकवून निघाली होती. लग्नाला सहा दिवस उरले असताना हे तिला आज पहिल्यांदाच खटकलं.

सुट्टीनंतर फादरांनी प्रत्येकाला एकेक कागद दिला. जोडीदाराची न पटणारी एक सवय लिहायची होती. बाकीच्या मुली पेन चावत बसल्या. सुझानने दुसरा कागद मागून घेतला. प्रीतमने ‘काही नाही’ असं लिहिलं, तिच्या कागदांकडे पाहिलं, ते खोडलं आणि ‘फार लिहिते’ असं केलं.

सकाळीच चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत दोघांची नावं लागोपाठ तिसऱ्या आणि शेवटच्या रविवारी वाचून झाली होती. प्रीतम आणि सुझान विवाह करू इच्छितात, कुणाला काही अडचण माहीत असल्यास कळवावं. कुणी काही कळवलं नाही. मग सगळे कम्युनियनचा प्रसाद घ्यायला रांगेला उठले. शेजारच्या बाईने पाय आवरून वाट करून दिली, तरी सुझान नेहमीसारखी बाकावरच बसून राहिली; वेदीसमोर लग्न लागेपर्यंत तिला तो घेता येत नव्हता.

हे लग्न म्हणजे तिच्या आईचा, मटिल्डाचा हट्ट. कागदावरच्या सह्यांवर तिचं समाधान नव्हतं, मुलगी वेदीसमोर उभी राहिलेली तिला बघायची होती. सुझानचा बाप आल्बर्ट मात्र हटून बसला होता. मुलगा वाडवळांचा, हिंदू, म्हणून त्याने बोलणंच टाकलेलं. वेदीपर्यंत मुलीचा हात धरून न्यायला आपण येणार नाही, हेसुद्धा त्याने मटिल्डाकरवीच कळवलं होतं.

शिबिर सुटल्यावर तिघं एकाच स्कूटरवर अर्नाळ्याला निघाले.

“मीही येणार,” टिफनी म्हणाली. “लग्नाआधी तुम्हाला एकटं सोडलं तर लोक काय म्हणतील?” आणि स्वतःच्याच विनोदावर आगाशीपर्यंत हसत राहिली.

किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. सुझान वाळूत बसली.

“शनिवारी मी येईन असं वाटत नाही,” ती म्हणाली.

प्रीतम हललाही नाही. “का?”

“आई सांगते, फादर सांगतात, तू ‘चल’ म्हणतोस. मी आपली निघते. तुला काय हवंय, असं मला कुणी विचारलंच नाही.”

“आता विचारलं तर?”

“आता तुला माहितीये मी कशी आहे. दोन कागद भरले मी आज. तरी विचारशील?”

“गुडघ्यावर! गुडघ्यावर!” टिफनी लांबून कुजबुजली. ते कुजबुजणं पार होड्यांपर्यंत गेलं.

प्रीतम गुडघ्यावर बसला. गुडघा कटकन वाजला. बोंबील उलटे करणारी एक म्हातारी हात थांबवून बघू लागली.

“सुझान, माझ्याशी लग्न करशील?”

सुझानने वेळ घेतला. इतका वेळ तिला याआधी कुणी दिलाच नव्हता.

“बाय, पानी भरतंय,” म्हातारीने आठवण केली. “काय ते लवकर सांग त्याला.”

लाट प्रीतमच्या पोटऱ्यांपर्यंत आली. तो उठला नाही. सुझान त्याच्याकडे नीट बघत राहिली, जणू दुकानात वस्तू उलटसुलट करून बघतेय.

“करीन,” शेवटी ती म्हणाली.

म्हातारी पुन्हा बोंबलांकडे वळली.

मग सुझानचा चेहरा उतरला. “पण दारापासून वेदीपर्यंत मी एकटीने चालायचं? सगळं गाव बघत असणार. मला नाही जमणार ते.”



टिफनीने ड्रेसवरची वाळू झटकली आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

“माझं ठरलंय,” ती म्हणाली. “तुझा हात धरून तुला मी आत नेणार, मम्मी. आणि पप्पा, ऊठ आता, भिजतोयस.”