बद्द वाजलेलं नाणं

"काढ ते जाळं! त्याचे बोटं दिसून राहिले!"

म्हातारा बाप झोपला आहे असं समजून लिलाधरनं दारापुढे जाळं वाळत घातलं होतं. तो मुकाट्यानं उठला आणि जाळं काढू लागला. शेजारची बेबीबाई नेहमीसारखी फिसकन हसली. घर मासे धरणाऱ्या ढिवराचं, घराला लागून तलाव, आणि दारापुढे जाळं टांगायची बंदी. अख्ख्या मोहाडी तालुक्यात असं दुसरं घर नव्हतं.

खाटेवर देवाजी घामानं भिजला होता. नव्वदी कधीच उलटलेली. उजवी मूठ घट्ट मिटलेली, पण आज मुठीत काही नव्हतं. मुठीतलं नाणं त्याची नात ज्योत्सना सकाळीच नागपूरला, जुन्या नाण्यांच्या एका जाणकाराकडे घेऊन गेली होती.

"एका ठिकरीपायी पोरगी नागपूरले धाडली," लिलाधर करवादला. "का भेटन तुमाले तिच्यातून, बाबा?"

"गप राय," देवाजी म्हणाला.

नाणं कोरियाचं होतं. तिथली लढाई थांबल्यावर देवाजीची पलटण कैद्यांवर पहारा द्यायला गेली होती. हे कैदी आपल्या मुलखात परत जायला नाही म्हणणारे. त्यातला एखादा मन बदलून घरी जातो म्हणाला, की बाकीचे त्याचा गळा दाबत. आणि पहारेकऱ्यानं फाटक उघडावं, मग झडप घालता यावी, म्हणून तेच एखाद्याला रडवेलं तोंड करून तारेच्या जाळीपाशी पाठवत. कोण खरा, कोण खोटा? साहेब लोक शेगडीपाशी बसलेले. हे ठरवायचं मिसरूड फुटलेल्या शिपायानं.

एका संध्याकाळी एक तरणा कैदी जाळीपाशी आला. बोटं बाहेर काढून त्यानं देवाजीच्या हातावर नाणं ठेवलं. आधी फाटकाकडे बोट दाखवलं, मग दूरच्या डोंगराकडे, मग छातीवर हात ठेवला. फाटकाची चावी देवाजीच्या कमरेला होती.

देवाजीची माय मोहाडीच्या बाजारात मासोळ्या विकायची. हातात पडलेलं प्रत्येक नाणं ती दगडावर आपटून ऐकायची. देवाजीनं तेच केलं. नाणं बद्द वाजलं. खोटं नाणं देणारं गिऱ्हाईक खोटं, एवढंच त्या बाजारानं त्याला शिकवलं होतं. त्यानं पाठ फिरवली.

सकाळी तो कैदी त्याच जागी मेलेला सापडला. बोटं जाळीत अडकलेली होती.

तेव्हापासून तो कैदी देवाजीला प्रत्येक जाळ्यामागे उभा दिसे. देवाजीनं तलावात उतरणं सोडलं. सरकारनं पदक दिलं, ते त्यानं पेटीच्या तळाशी टाकलं. नाणं मात्र मुठीतून सुटलं नाही. कान चुकला असला तर? नाणं खरं निघालं तर आपण एक माणूस मारला. खोटं निघालं तर सुटलो. मरायच्या आधी त्याला एवढंच पाहिजे होतं.

उन्हं कलल्यावर ज्योत्सना आली. चप्पल न काढताच खाटेपाशी बसली. "खोटं हाय, आबाजी."

म्हातारा ताडकन उठून बसला. "बराबर पायलं ना त्यायनं?"

"भिंगाखाली पायलं, तोलून पायलं. यावर अजगरासारखा प्राणी हाय ना, त्याचे खवले सपाट झालेले. काठाच्या रेघा वाकड्यातिकड्या. वरून पांढरा मुलामा, आत निव्वळ पितळ. तुमच्याच अंगठ्यानं घासून घासून उघडं पडलं."

"माय बराबर होती माही!" देवाजी मांडीवर थाप मारून हसला. त्याचं हसणं त्या घरानं कधी ऐकलंच नव्हतं. त्यानं भात मागितला, मासोळीचं सार मागितलं. मग म्हणाला, "लिलाधर, टांग बाबू जाळं. दारापुढंच टांग!"

लिलाधरनं जाळं टांगलं. देवाजी टक लावून पाहत राहिला. जाळ्यामागे फक्त तलाव होता.

"आज बुढ्याले बिना मोहाच्या दारूनंच चढली!" बेबीबाई ओरडली.

"भामटा साला," देवाजी म्हणाला. "मले फसवाले आला होता. मेला ते बेस झालं." आणि तो नाण्यावर थुंकला.

नागपूरच्या त्या जाणकारानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती गिळून टाकायची, म्हाताऱ्याला निवांत झोपू द्यायचं, असं ज्योत्सनानं बसमध्येच ठरवलं होतं. त्या थुंकीनं ते ठरवणं मोडलं.

"थुंकू नका!" ती ओरडली. "कोनावर थुंकून राहिले? हे नाणं त्या कैद्यानं नाही बनवलं. तो जल्मायच्या आधीचं हाय हे. खरे नाणे चालत होते तवाच हे बी चालत होतं, त्यायच्याच बाजारात. राजाचं कोनतं अन् चोराचं कोनतं, लोकायले कळेच ना. त्याच्या आज्यानं खरं समजून जपलं असन. अन् त्यानं खरं समजून तुमाले देल्लं."

बेबीबाईचं हसू थांबलं. देवाजीनं थुंकी धोतराच्या सोग्यानं पुसली. नाणं पुन्हा मुठीत घेतलं. मान वर करून जाळ्याकडे पाहिलं, आणि तो दचकून मागे सरला. जाळ्यात पुन्हा ती बोटं होती.

लिलाधर धावत जाळं काढायला गेला.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. तो खाटेवरून उतरला, कशाचाही आधार न घेता जाळ्यापाशी गेला आणि दोन्ही हातांनी ते चाचपू लागला. वरून खाली. या काठापासून त्या काठापर्यंत.

"लिलाधर, याचं फाटक कोन्या बाजूले हाय, तेवढं सांग."