अर्जाची पहिली ओळ

'मी एक नियमित कर भरणारा नागरिक' एवढं लिहून मास्तरांचं पेन अडलं, ते अडलंच.

समोरचा चहा गार झाला होता. खाली कोपऱ्यावर, शाळेच्या फाटकाजवळ, गटाराचं झाकण चार दिवसांपासून फुटलेलं होतं आणि पोरं त्यावरून उड्या मारत शाळेत जात होती. मास्तरांनी त्या भोकात एक काठी उभी करून तिला लाल अस्तराची चिंधी बांधली होती. एरवी त्यांनी पहिल्याच दिवशी अर्ज ठोकला असता. गल्लीतले दिवे, नळ, बागेतला झोपाळा, सगळं त्यांच्याच अर्जांवर चालत होतं म्हणा ना. आणि प्रत्येक अर्जाची पहिली ओळ हीच.

"लिहा की आता," भाजी निवडत बायको म्हणाली.

"काय लिहू? खोटं लिहू?"

डोळ्यांनी दगा दिल्यावर मास्तरांनी शिलाईचं दुकान बंद केलं होतं. आता घरबसल्या कुणाची चेन बदल, कुणाची बाही उसव, एवढाच धंदा. यंदा करकचेरीतून कागद आला, त्यावर लिहिलेलं: भरावयाचा कर, शून्य. दुसरा कुणी असता तर नाचला असता. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. घरही भाड्याचं, तेव्हा घरपट्टीचा आधार घ्यायचीही सोय नव्हती.

"भांडायचं तर पदरचं काही घातलेलं असावं लागतं," ते म्हणाले. "आता कोणत्या तोंडाने जाऊ त्या खिडकीवर?"

"मग दुसऱ्या कुणाला सांगा."

"सांगितलं. वाण्याला सांगितलं, शाळेतल्या बाईंना सांगितलं. सगळे म्हणतात, मास्तर आहेत की."

"काल शेजारच्या चिमुरडीची चप्पल गेली आत," बायको म्हणाली. "आज चप्पल गेली. उद्या?"

त्या 'उद्या'पायीच मास्तरांना दोन रात्री झोप नव्हती.

बायकोने भाजी तशीच टाकली, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेली. पाच मिनिटांत परत आली ती एक साबणाची वडी आणि एक कागदाचा चिटोरा घेऊन.

"आयुष्यात पहिल्यांदा बिल मागितलं. वाणी म्हणाला, वहिनी, माझं काही चुकलं का?" तिने चिटोरा मास्तरांपुढे धरला. "वाचा. बेरजेच्या वरची ओळ."

मास्तरांनी कागद हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला. कर, असं लिहिलेलं होतं आणि पुढे एक किरकोळ आकडा.

"साबणावर?"

"साबणावर, तेलावर, तुमच्या दोऱ्याच्या रिळावर. कशावर नाही?"

"आणि हे तू कधीपासून भरतेस?"

"लग्न झाल्यापासून सामान कोण आणतंय?"

मास्तर बिलाकडे बघत बसले. याच टेबलाशी बसून, दरवर्षी कराची पावती फडकावत, 'या घरात कर भरणारा मी एकटा' असं त्यांनी किती वेळा ऐकवलं होतं. तिने प्रत्येक वेळी 'हो हो' म्हणून चहा पुढे केला होता. आठवून त्यांचे कान तापले. त्यांनी अर्जाचा कागद चुरगाळला आणि दुसरा घेतला. या वेळी पेन कुठेच अडलं नाही.

नगरपालिकेच्या तक्रार खिडकीतली मुलगी त्यांना बघून अर्धी उठलीच. "काका! होतात कुठे? महिनाभर तुमचा अर्ज नाही. आम्हाला वाटलं, आजारी पडलात की काय."

"आजारीच होतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी अर्ज आत सरकवला.

मुलीने वाचला. शाळेचं नाव दिसताच तिने आधी फोन उचलला आणि झाकण आज दुपारच्या आत बसलं पाहिजे, असं पलीकडच्याला बजावलं. मग कागद उलटून पाहिला. मागे टाचणीने साबणाचं बिल लावलेलं.

"हे काय, काका?"

"पुरावा."

ती हसली नाही. तिने बिलावरही शिक्का मारला. "सही राहिली तुमची."

"आधी हिची." मास्तरांनी बायकोला हाताला धरून पुढे आणलं. "यंदा भरणारी ही आहे."

बायको पदराला हात पुसत खिडकीपाशी आली. तिने एकेक अक्षर जपून सही केली, पण पेन काही खाली ठेवलं नाही.

"मावशी, तुमची आणखी काही तक्रार?" मुलीने विचारलं.

"तिची कसली तक्रार!" मास्तर कौतुकाने म्हणाले. "साधा आवाज चढलेला नाही कधी."

बायकोने सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत वाकून एक ओळ लिहिली आणि कागद आत दिला. मुलीने ती मोठ्याने वाचली: "बाजारासमोरच्या बसथांब्यावर बसायला बाकडं नाही." मग तिने वहीतला रकाना भरायला विचारलं, "कधीपासून नाही, मावशी?"

"मी चाळीस वर्षं उभी आहे तिथे. त्याच्या आधीचं ठाऊक नाही."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. आजवर त्यांनी गल्लीतली एकूणएक मोडकी वस्तू हेरली होती. मग ते खिडकीत वाकले आणि घसा साफ करून म्हणाले, "त्या ओळीपुढे लाल शाईने लिही, पोरी. तातडीचं."